तळटीप १२ : ‘चौदाच्या खाली’

१२. मजकुरातील हा आकडा, श्रमाच्या पराकाष्ठेस रुग्णाचे शरीर वजनाच्या दर किलोमागे दर मिनिटास जितके मिलिलिटर प्राणवायू शोषते, त्याचा होय. विश्रांतीत दुर्बल हृदयही बहुधा निभावून नेते. त्याची खरी उणीव, ट्रेडमिलचा पट्टा वेग घेऊ लागून मुखवट्यातून श्वासन्‌श्वास मोजला गेला म्हणजेच उघडकीस येते, कारण अडॉल्फ फिकने १८७० साली मांडलेल्या तत्त्वानुसार हे ग्रहण म्हणजे हृदयाने लोटलेले रक्त गुणिले रोहिणी-नीलांतील प्राणवायूचा फरक. हृदयप्रत्यारोपणाच्या निवडीसाठी १४ची मर्यादा डॉना मॅन्सिनी व सहकाऱ्यांनी १९९१ साली सुचविली. पुढे बीटा-रोधक औषधे सर्रास झाल्यावर, ती घेणाऱ्यांपुरती ही मर्यादा १२ धरली जाऊ लागली. निव्वळ या आकड्यावरून निर्णय करणे मात्र सर्वस्वी अनुचित.