पळपुटे फ्रेंच, लढवय्ये फ्रेंच

फ्रेंच म्हटलं की बाहेरच्यांना काय आठवतं? वाईन, नखरे आणि शरणागतीचं पांढरं निशाण. २००३ मध्ये फ्रान्सने इराक युद्धाला विरोध केला, तर अमेरिकी संसदेच्या कँटीनमध्ये फ्रेंच फ्राईजचं चक्क 'फ्रीडम फ्राईज' झालं! पहिल्या महायुद्धात याच 'पळपुट्यां'चे १३ लाखांहून जास्त सैनिक मेले, ते गेलं विस्मरणात.

दुसरा साचा कौतुकाचा: खुट्ट झालं की फ्रेंच रस्त्यावर उतरतात. मीही याच पंथातला. २००६ मध्ये व्हिलपाँ सरकारने २६ वर्षांखालच्यांसाठी नवा नोकरी-करार आणला. पहिली दोन वर्षं कारण न देता काढून टाकता येणार, म्हणजे दोन वर्षांचं प्रोबेशनच की! विद्यार्थ्यांनी विद्यापीठं बंद पाडली, कामगार संघटना सोबत आल्या आणि संसदेत मंजूर झालेला करार एप्रिलमध्ये गुंडाळावा लागला. ऑफर लेटरवर न वाचता सही करणाऱ्या माझ्यासारख्याला हेवा वाटणारच.

गंमत म्हणजे तिथे युनियनचे सभासद जेमतेम १० टक्के. पण संपाचा हक्क राज्यघटनेनेच दिलेला, सभासद असा वा नसा. तरी दरवेळी जिंकतात असंही नाही हं. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्ध लाखो लोक उतरले, पॅरिसमध्ये कचऱ्याचे ढीग साचले. सरकारने संसदेतलं अंतिम मतदान टाळून कायदा रेटलाच. संपाच्या दिवसांचा पगार कापला गेला तो वेगळाच. आमच्या कौतुकात हा हिशेब कधी येत नाही.