नावातले देव

पोर जन्मले की नाव काय ठेवायचे, हा प्रश्न घरोघरी येतो. त्यावर आम्ही जमेल तसे वाचले, ते मांडतो.

जुन्या काळी नावातच देव बसवीत. बाबिलोनचा राजा नबुखद्नेझर, म्हणजे ‘हे नबू देवा, माझ्या वारसाला राख’. इजिप्तचा रामसेस, म्हणजे ‘रा देवाने जन्म दिलेला’.

पण राजाचा देव बदलला की नावेही बदलत. इ.स.पूर्व १४व्या शतकात इजिप्तच्या चौथ्या आमेनहोतेपने आमुन देव सोडून आतेन हा सूर्यदेव धरला आणि अखेनातेन हे नाव घेतले. आमुनचे नाव भिंतींवरून छिन्नीने खोडून काढले. पुढे तुतनखातेन हा लहानगा गादीवर आला. आमुनचे दिवस परत फिरले, तसा तो तुतनखामुन झाला. पोराला कोण विचारतो!

आपल्याकडे सांचीच्या स्तूपावर वेगळे दिसते. तिथे दगडावर ब्राह्मी लिपीत शेकडो दात्यांची नावे आहेत. त्यांत भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, आमच्यासारखे विणकरसुद्धा आहेत. नागदत्त अशी जुन्या वळणाची नावे आहेत, तशीच बुद्धरक्षित, धम्मरक्षित, संघरक्षितही आहेत. बुद्ध काही देव नव्हे. पण राखणदार म्हणून लोकांनी देवाच्या जागी त्रिरत्न घेतले. आणि दोन्ही तऱ्हेची नावे एकाच स्तूपावर नांदली.

म्हणून ज्या आजी-आजोबांच्या नावात जुने देव आहेत, त्यांना कुणी हिणवू नये. दान त्यांचेही दगडावर टिकते. नव्या पोराचे नाव ठेवताना मात्र अर्थ जरूर विचारावा.