वेगळं म्हणजे खोटं नव्हे

सुट्ट्या पैशांत वेगळी नाणी शोधायची मला जुनी सवय. चिल्लर खिशात टाकण्याआधी मी नाण्याचं गाव वाचतो. वर्षाखाली चौकटीची खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. १९८५ च्या काही रुपयांवर वर्षाखाली ‘एच’ हे इंग्रजी अक्षर दिसतं. ते रुपये बर्मिंगहॅमला पाडलेले. असा एक रुपया मला गडचिरोलीत चहाच्या टपरीवर मिळाला. विलायतेतून निघालेला तो रुपया हातोहात आमच्या जंगलापर्यंत आला होता!

२०१७ च्या उन्हाळ्यात धानोऱ्याच्या बाजारात मी चारोळी घेत होतो. विकणाऱ्या बाईंनी पदराची गाठ सोडून दहाची सात नाणी पुढं केली. म्हणाल्या, “भाऊ, हे कोनी घेत नाही. नकली हाय म्हंते.”

मी नाणी पाहिली. दोनांवर पंधरा रेघा होत्या. चारांवर दहा रेघा आणि रुपयाचं चिन्ह. हे चिन्ह २०१० साली ठरलं, मग आधीच्या नाण्यांवर ते येणार कुठून? सातवं होतं २००६ चं. त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रेघा आणि चार टिंबं. या नक्षीचा विषय ‘विविधतेतील एकता’. हे नाणं मी कित्येक वर्षं शोधत होतो.

सत्तर रुपयांच्या नोटा देऊन मी सातही नाणी घेतली. बाईंनी तोंडभरून दुवा दिला. घरी आल्यावर मात्र तो दुवा टोचू लागला. उपकार केल्यासारखा मी निघून आलो होतो. नाणी खरी आहेत, एवढं सांगायचं राहूनच गेलं होतं.

चार आण्याचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं, ते सरकारी आदेशानं. दहाचं नाणं बाजारातून हटत होतं ते नुसत्या अफवेनं. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पुन्हा खुलासा केला, की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत. ते कात्रण घेऊन मी पुढच्या मोसमात धानोऱ्याला गेलो. बाईंना आणि शेजारच्या दुकानदारांना वाचून दाखवलं. मग चारोळी घेतली आणि पैसे त्याच सात नाण्यांत दिले.

२००६ चंही दिलं. चलनात राहिलं तरच ते खरं ठरणार होतं.