गद्य तोंडपाठ ठेवणारा पंथ

ओवी किंवा श्लोक पाठ करताना छंदाची मदत होते. अक्षर कमीजास्त झाले की कानाला खटकते. वैदिकांनी तर पद, क्रम, जटा, घन असे पाठ बसवून एक शब्दही इकडचा तिकडे होऊ नये अशी व्यवस्था केली होती. गद्याला असा पहारा नसतो. वाक्य थोडे बदलले तरी अर्थ तोच राहतो आणि बदल झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाने आपले मूळ धर्मग्रंथ मराठी गद्यातच सिद्ध केले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवले. हे साधण्यासाठी पंथाने ज्या युक्त्या योजल्या, त्यांचा माग त्या ग्रंथांच्या घडणीतच लागतो.

पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. पंथाच्या परंपरेप्रमाणे ते उत्तरेकडे निघून गेल्यावर शिष्यांजवळ त्यांच्या आठवणीच उरल्या. त्यांचे नाम, मूर्ती, चेष्टा (हालचाली) आणि लीळा, म्हणजे त्यांच्या चरित्रातील प्रसंग, आठवणे हा साधकाचा नित्याचा आचार ठरला. आठवण हीच साधना असल्याने ती बिनचूक असणे हा धर्माचाच प्रश्न होता. विदर्भातील रिद्धपूर येथे पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याभोवती जमलेल्या शिष्यांपैकी म्हाइंभट यांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून प्रसंग विचारले, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले आणि 1278च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ म्हणून ओळखला जातो.

त्याची मांडणी पाठ करणाऱ्याच्या सोयीची आहे, मग ती म्हाइंभटांनी हेतुपुरस्सर केलेली असो वा नसो. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आयुष्याच्या क्रमाने येतात. त्यांच्यात शेकडो लहान लहान लीळा आहेत. प्रत्येक लीळेला दोन-चार शब्दांचे नाव असते. ते आठवले की प्रसंग कुठला, कोण हजर होते, कोणी काय विचारले आणि स्वामी काय म्हणाले हे ओळीने येते. वाक्ये आखूड, बहुतेक संवादाची, आणि वर्णनाचा पसारा जवळजवळ नाही. मौखिक निवेदनाचा हा बाज लेखणीने मोडला नाही, हे म्हाइंभटांचे मोठेच काम म्हटले पाहिजे.

या पाठांतराची कसोटी लवकरच लागली. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, अशी पंथाची परंपरा आहे. मग ज्यांना जे पाठ होते त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसा या साध्वीची स्मरणशक्ती असामान्य होती असे परंपरा सांगते आणि एक पाठ तिच्या नावानेच ओळखला जातो. इतरांनीही आपापले पाठ सिद्ध केले. साहजिकच ते तंतोतंत जुळले नाहीत. एके ठिकाणी प्रसंग विस्ताराने आला, दुसरीकडे त्रोटक, तिसरीकडे माणसाचे नाव वेगळे. लक्षणीय गोष्ट अशी की हे फरक पुसून टाकले गेले नाहीत. पोथ्यांमध्ये ‘वासना’, ‘शोध’ अशा खुणा घालून निराळी आठवण मूळ मजकुराशेजारीच नोंदवलेली दिसते. स्मृतीवर भिस्त ठेवणाऱ्यांना स्मृतीच्या मर्यादाही ठाऊक होत्या.

प्रसंगाच्या तपशिलात असे फरक चालले, पण स्वामींच्या मुखातून निघालेल्या वचनांचा मान वेगळा होता. पंथातीलच केशोबास यांनी लीळाचरित्रातील अशी वचने वेचून सूत्रपाठ तयार केला. युगधर्म, विद्यामार्ग, संहरण, उद्धरण, आचार, विचार अशा प्रकरणांत ती विषयवार लावली. ही सूत्रे कधी कधी दोन-तीन शब्दांचीच असतात. एवढे पाठ करणे सोपे, पण प्रसंगापासून तुटलेले वचन कशाबद्दल आहे हेच कळेनासे होते. म्हणून कोणते सूत्र कोणत्या वेळी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ तयार झाले. त्यापाठोपाठ भाष्यांची रीघ लागली. केशोबासांच्याच दृष्टांतपाठात 114 दृष्टांत आहेत. त्यात आधी सूत्र, मग स्वामींनी सांगितलेली छोटी गोष्ट आणि शेवटी केशोबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक, म्हणजे तिचा सिद्धांताशी मेळ, अशी तिपेडी रचना आढळते. हत्तीला चाचपून पाहणाऱ्या जात्यंधांची कथा त्यात आहे. ती ऐकणारा सूत्र एक वेळ विसरेल, गोष्ट विसरणार नाही.

आठवण जागेशीही बांधली गेली. स्थानपोथी या ग्रंथात स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले ती ठिकाणे गावागणिक दिली आहेत. कोणते देऊळ, कोणत्या दिशेचे दार, कुठला कोपरा इथपर्यंत तपशील येतो. त्या जागी ओटे बांधले गेले. यात्रेकरू ओट्याला नमस्कार करतो तेव्हा तिथली लीळाही आठवतो. पाठ केलेला मजकूर पायी फिरून उजळण्याची ही सोय होती.

पुढे पंथाने ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे बाहेरच्यांना ते शतकानुशतके बंद राहिले आणि पंथातही शिकणे गुरूच्या तोंडूनच होत राहिले. पंजाबात जयकृष्णी नावाने पसरलेल्या शाखेने तर परमुलखात हे मराठी ग्रंथ जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचे कोडे उलगडल्यावर संशोधकांना पोथ्या वाचता येऊ लागल्या. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. 1978 साली वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. छापील पानावर मुख्य मजकूर म्हणून एकच पाठ घेता येतो. हिराइसेच्या काळापासून शेजारी शेजारी नांदणाऱ्या आठवणींतून निवड करण्याचे काम त्यामुळे संपादकांवर आले.