देव्हाऱ्यातले पदक

भगिनींनो, मी सातवी शिकलेली बाई. इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? पण गेल्या हळदीकुंकवाला आमच्या घरातील एका पदकाची हकीकत मी सांगितली, तेव्हा "स्मरणिकेसाठी हेच लिहा," असा आग्रह झाला. म्हणून हे धाडस.

आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत चांदीचे एक मोठे नाणे असे. घोड्यावर बसलेला वीर, टापांखाली काहीतरी तुडवलेले. म्हणून घरात सारे त्याला खंडोबाच म्हणत. रोज हळदकुंकू आणि दर रविवारी भंडारा. घासून घासून ते पार गुळगुळीत झाले होते. चार वर्षांपूर्वी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, हा मोडीत घालून नवा टाक करून आण."

सोनारदादांनी ते रिठ्याच्या पाण्यात धुतले, वजन केले, जवळजवळ तीन तोळे भरले. मग भिंग लावून कडेवर पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, हा देव नव्हे. इथे माणसाचे नाव आहे." बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण! नाव आमच्या यजमानांच्या पणजोबांचे होते. मी पदक पदरात बांधून तशीच घरी आले.

पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईला' गेले ते परतले नाहीत, एवढेच घरात ठाऊक होते. मुलीच्या मदतीने मी पुढचे वाचले. पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ चाललें. हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसे त्यात गेली, सुमारे ७४ हजार मेली. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनने नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले. तीत मराठा पलटणीही होत्या. पुढे ही फौज तैग्रिस नदीकाठी कूत येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली. धान्य संपले, घोडे मारून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली.

लढाई संपल्यावर हे पदक निघाले. शिपायांना चांदीचे, हमाली आणि मजुरीच्या तुकड्यांतील अनेकांना काशाचे. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहा, दुसऱ्या बाजूस घोड्यावर सेंट जॉर्ज; टापांखाली शत्रूची ढाल आणि कवटी.

मंडळात एकीने विचारले, "इंग्रजांची खूण कशाला जपायची?" प्रश्न रास्त आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य गेले त्याच दिवशी, गांधीजींनी आपली पदके व्हाइसरॉयांना परत पाठवली. त्यात १९१५ साली मिळालेले कैसर-ए-हिंदचे सुवर्णपदकही होते. पण गांधीजींना ती संधी होती. आमचे पणजोबा परत करायला उरलेच कुठे? बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. परंतु साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीवार नुसते आकडे कोरले गेले. २०२१ साली युद्धकबरी सांभाळणाऱ्या संस्थेने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. मग राजाचा मुखडा राजाचा असेल. कडेवरची ओळ आमची आहे.

हे सारे सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे थोरल्या आजींना ठाऊक असणार. टपालाने आलेली वस्तू त्यांनीच देव्हाऱ्यात ठेवली." त्या बाईजवळ नवऱ्याचे चित्र नव्हते, अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी खंडोबा म्हटले, तिने म्हणू दिले. आणि जन्मभर रोज सकाळी त्याला कुंकू लावले. या विचाराने माझे मन आजही भरून येते.

नवा टाक आम्ही माझी जुनी जोडवी मोडून केला. पदक देव्हाऱ्यातच आहे, पण आता ते घासत नाही. पितृपक्षात पणजोबांचे नाव घेतो.

तेव्हापासून मला जुनी पदके, बिल्ले, नाणी पाहण्याचा नाद लागला आहे. मैत्रिणींनो, आपल्या पेट्याही एकदा उघडा. असे काही सापडले, तर राखेने वा चिंचेने घासू नका. भिंगाने कड वाचा, कोणाचे ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, आणि मोडीत घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. चांदी पुन्हा मिळेल. पुसलेले नाव मिळायचे नाही.