हिल ऑफ ग्रेस (वाइन)

हिल ऑफ ग्रेस ही दक्षिण ऑस्ट्रेलियातील ईडन व्हॅली येथे हेन्श्के कुटुंब तयार करीत असलेली, शिराझ जातीच्या द्राक्षांची तांबडी वाइन आहे. ती एकाच मळ्यातील द्राक्षांपासून होते आणि मळ्याचेच नाव तिला मिळाले आहे. मळ्यातील सर्वांत जुन्या वेली सुमारे १८६० च्या आहेत. मात्र या नावाची वाइन प्रथम १९५८ च्या हंगामात तयार झाली. तिच्याच तोलाची समजली जाणारी पेनफोल्ड्स ग्रेंज ही वाइन अनेक ठिकाणची द्राक्षे एकत्र करून बनवली जाते. हिल ऑफ ग्रेसला तशी मुभा नाही. म्हणूनच वेलीच्या वयाने वाइनची चव पालटते काय, या जुन्या वादात तिचा दाखला हटकून दिला जातो.

इतिहास

प्रशियाच्या राजाने लादलेले चर्चचे एकीकरण मान्य नसलेले अनेक लुथरपंथी १८३८ नंतर दक्षिण ऑस्ट्रेलियात येऊन वसले. योहान क्रिस्टियान हेन्श्के हे त्यांपैकीच एक; ते १८४१ मध्ये आले. पुढे त्यांनी कायनटन गावी जमीन घेतली व १८६८ मध्ये आपली पहिली वाइन विक्रीस काढली. तेव्हापासून हा व्यवसाय त्याच घराण्यात आहे.

हिल ऑफ ग्रेसचा मळा निकोलाउस स्टानिट्स्की यांनी लावला व कालांतराने तो हेन्श्के कुटुंबाकडे आला. मळ्यासमोर ग्नाडेनबेर्ग नावाचे लुथरपंथी चर्च आहे. ‘ग्नाडेनबेर्ग’ म्हणजे कृपेची टेकडी. इंग्रजी नाव हे त्याचेच भाषांतर होय. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिण ऑस्ट्रेलियातील कित्येक जर्मन गावांची नावे सरकारने बदलून टाकली होती, हे ध्यानात घेता बाटलीवर टिकून राहिलेल्या या अर्थाचे मोल अधिकच जाणवते.

चौथ्या पिढीतील सिरिल हेन्श्के यांच्या उमेदीच्या काळी ऑस्ट्रेलियात मद्यार्क मिसळलेल्या गोड, कडक वाइनचीच चलती होती. त्यांनी जेवणाबरोबर घेण्याच्या कोरड्या वाइनकडे लक्ष वळवले आणि एकेका मळ्याची द्राक्षे वेगळी ठेवण्याचा आग्रह धरला. १९१२ मध्ये लावलेल्या माउंट एडेलस्टोन या मळ्याची वाइन १९५२ पासून आणि हिल ऑफ ग्रेस १९५८ पासून निघू लागली. १९७९ मध्ये सिरिल यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र स्टीफन यांनी वाइनगृहाची आणि स्टीफन यांच्या पत्नी प्रू यांनी मळ्यांची जबाबदारी सांभाळली.

मळा

मळा समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर असल्याने खालच्या बारोसा खोऱ्यापेक्षा येथील हवा थंड असते आणि घड सावकाश पिकतात. वेलींना पाणी दिले जात नाही. त्या पावसावर जगतात. सर्वांत जुन्या भागाला ‘ग्रँडफादर्स’, म्हणजे आजोबा, असे नाव आहे. तेथील खोडे जाड, पिळवटलेली आणि ठिकठिकाणी फाटलेली दिसतात.

या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मुळांचा रस शोषणाऱ्या फायलोक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील मळे उद्ध्वस्त केले. नंतर तेथे बहुतेक सर्वत्र अमेरिकी खुंटांवर कलमे बांधावी लागली. ऑस्ट्रेलियात ही कीड १८७७ मध्ये व्हिक्टोरियातील जिलाँगजवळ आढळली. परंतु कडक निर्बंधांमुळे दक्षिण ऑस्ट्रेलियात ती शिरू शकली नाही. शिराझचे मूळ फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्यात आहे, तरी तिच्या अतिवृद्ध वेली आज ऑस्ट्रेलियात पाहायला मिळतात त्या यामुळेच.

किडीतून वाचलेल्या वेली माणसाच्या हातून मात्र थोडक्यात बचावल्या. १९८० च्या दशकात द्राक्षांचे भाव कोसळले तेव्हा मळे उपटण्यासाठी सरकारी अनुदान दिले गेले. कमी पीक देणाऱ्या जुन्या वेली त्यात प्रथम गेल्या आणि बारोसातील पुष्कळ जुनी शिराझ नष्ट झाली. पुढे २००९ मध्ये बारोसातील उत्पादकांनी जुन्या वेलींची सनद स्वीकारली. तिच्यात ३५, ७० , १०० आणि १२५ वर्षे अशा पायऱ्या असून शेवटच्या पायरीला ‘पूर्वज’ म्हटले आहे. ही व्यवस्था ऐच्छिक आहे.

आस्वाद

मळ्याच्या निरनिराळ्या भागांतील द्राक्षे वेगवेगळी तोडून वेगवेगळी आंबवली जातात. वाइन ओक लाकडाच्या पिंपांत मुरवून मग एकत्र केली जाते. तरुणपणी तिचा रंग गडद जांभळट तांबडा असतो. ब्लॅकबेरी, आलुबुखार, काळी मिरी, तमालपत्र आणि सेजची पाने यांचे गंध तिच्यात सांगितले जातात; मात्र परीक्षक ज्या खुणेने तिला ओळखतात, ती म्हणजे चिनी पाचमसाल्याची झाक. त्या मसाल्यातील चक्रीफूल, लवंग, दालचिनी आणि बडीशेप मराठी स्वयंपाकघरालाही परिचित आहेत, त्यामुळे हे वर्णन येथील वाचकाला सेज किंवा ब्लॅकबेरीपेक्षा लवकर उमगावे.

वीस-तीस वर्षांनी रंग विटकरीकडे झुकतो, फळांचा ताजेपणा ओसरतो आणि चामडे, सुकी पाने, ओली माती असे वास पुढे येतात. तुरटपणा जात नाही, पण त्याची धार बोथट होते. जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ असल्याने ती काही काळ उभी ठेवून वाइन हलक्या हाताने दुसऱ्या पात्रात ओततात. वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या ओळीने मांडून चाखण्याची पद्धत येथे विशेष उपयोगी पडते. मळा, जात आणि बनवणारे घर तेच राहत असल्याने पेल्यापेल्यांतील फरक मुख्यत्वे त्या वर्षीच्या हवामानाचा आणि मुरण्याच्या काळाचा असतो. मनाजोगते पीक आले नाही तर वाइन काढलीच जात नाही; १९७४ आणि २००० ही अशी वर्षे होत.

वेलीचे वय आणि चव

वृद्ध वेलीची मुळे खोलवर गेलेली असतात, घड थोडे आणि मणी लहान येतात, म्हणून रस अधिक घट्ट व चव अधिक सखोल होते, असे सर्रास सांगितले जाते. ते सरसकट स्वीकारणे कठीण आहे. मुळांची खोली वयाइतकीच मातीवरही अवलंबून असते आणि पीक तरुण वेलीवरही छाटणीने कमी ठेवता येते. शिवाय जो मळा दीडशे वर्षे कोणी उपटला नाही, तो बहुधा मुळातच चांगला होता. तेव्हा चवीचे श्रेय वयाला द्यावे की जागेला, हे सुटे करता येत नाही.

हेन्श्के यांच्याच मळ्यात या प्रश्नाला पडताळून पाहण्याची एक वाट आहे. प्रू हेन्श्के यांनी १९८० च्या दशकात जुन्या वेलींतील उत्तम वेली निवडून त्यांच्या काड्यांपासून नवी रोपे करण्यास आरंभ केला. १९८९ मध्ये मळ्याच्या एका भागात अशी लागवड झाली. तेथील द्राक्षे हिल ऑफ ग्रेसमध्ये न मिसळता हिल ऑफ रोझेस या नावाने वेगळी बाटलीबंद केली जातात. वंश तोच, मळाही तोच, वय मात्र शतकाहून अधिक कमी. दोन्ही वाइन शेजारी ठेवून चाखल्यास वयाचा वाटा पूर्णपणे नव्हे, तरी बराचसा निराळा काढता येतो.