फिरणारे चक्र खरे बोलते का? वेबपेजवरच्या हालचालीचा इतिहास



आजच्या विषयाला दोन टोके आहेत. वेबपेजवर वस्तू हलतात कशा, हे एक. दुसऱ्याने तयार केलेले प्लगिन आपण आपल्या गरजेप्रमाणे बदलून कसे घेतो, हे दुसरे. त्यातले तंत्र शिकवणारी माणसे वेगळी आहेत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, तेव्हा आमच्याकडून या दोन गोष्टींचा इतिहास ऐका, आणि त्यातून निघणारा एक मुद्दा ऐका. पानावरची हालचाल हे एक विधान असते. विधान म्हटले की ते खरे असेल किंवा खोटे असेल. आणि खोटे विधान दुरुस्त करायचे, तर त्या पानाला हात लावण्याची मुभा आपल्याला असली पाहिजे.

सुरुवात जरा जुनी करू. गौडपादांच्या मांडूक्यकारिकेतल्या चौथ्या प्रकरणाचे नाव आहे ‘अलातशांती’. अलात म्हणजे जळते कोलीत. काठीच्या होळीला जाणाऱ्यांना कोलीत म्हणजे काय ते सांगायला नको. अंधारात ते गरगर फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते. गौडपाद विचारतात, हे वर्तुळ आले कुठून? बाहेरून आले नाही. कोलीत थांबले की ते कुठे निघून जात नाही, कोलितात शिरतही नाही. ते केवळ दिसत होते. गौडपादांना यातून अद्वैत सांगायचे होते, पण आपल्याला आज एवढेच हवे: डोळ्याला दिसणारी गती आणि प्रत्यक्ष घडणारी गोष्ट या दोन निराळ्या बाबी आहेत. सगळे ॲनिमेशन या फटीत उभे आहे.

महाराष्ट्रात या फटीचा पहिला मोठा कारागीर म्हणजे दादासाहेब फाळके. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांना चित्रपटासाठी भांडवल हवे होते. नुसत्या बोलण्यावर पैसा कोण देणार? मग त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपली आणि ती पडद्यावर सलग दाखवली. बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर वाढला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात काड्या किंचित सरकवायच्या, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायच्या, पुन्हा चित्र.

हे दोन प्रकार नीट वेगळे करून ठेवा. रोप खरोखर वाढले होते, फाळक्यांनी फक्त वेळ आखडून दाखवला. हे सत्याचे संक्षिप्त रूप झाले. आगपेटीतल्या काड्या आपणहून कधीच नाचत नाहीत, पण ती मौज आहे हे नावातच सांगितलेले होते, म्हणून कोणी फसले नाही. तिसराही एक प्रकार असतो. जे घडलेले नाही ते घडते आहे असे भासवणे. वेबवर हे तिन्ही प्रकार आले.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली तेव्हा पान म्हणजे स्थिर मजकूर आणि दुवे. हालचाल नंतर आली, आणि ती ब्राउझर कंपन्यांच्या चढाओढीतून आली. नेटस्केपने उघडझाप करणाऱ्या अक्षरांचा ब्लिंक टॅग आणला. मायक्रोसॉफ्टने सरकत्या अक्षरांचा मार्की टॅग आणला, तो आपल्याकडच्या कितीतरी संकेतस्थळांवर ‘ताजी सूचना’ म्हणून अजून सरकतो आहे. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये काढलेला जीआयएफ हा चित्रप्रकार नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा पुन्हा फिरू लागला. त्या काळात पानोपानी फावड्याने माती ओढणारा एक छोटा मजूर दिसे. खाली लिहिलेले असे, ‘काम चालू आहे’. मजूर अखंड खणत असायचा, पानाचे काम मात्र कित्येकदा कायमचे थांबलेले असायचे. वेबवरचे हे पहिले खोटे विधान म्हणा ना!

हालचाल अपायकारकही असू शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लखलखला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शनात म्हणूनच नियम आला की एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा काही लखलखू नये, आणि पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणारे काही असेल तर ते थांबवण्याची सोय वाचणाऱ्याला द्यावी.

आता फ्लॅशची गोष्ट. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश नावाने हे साधन आले, मॅक्रोमीडियाने ते घेतले आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीकडे गेली. खेळ, कार्टून, हलते मुखपृष्ठ, सगळे फ्लॅशमध्ये होऊ लागले. इथे एक घोटाळा टाळू. फ्लॅश चालवणारे प्लगिन वाचकाच्या ब्राउझरमध्ये बसवायचे असे. आज आपण वर्डप्रेसचे प्लगिन म्हणतो ते संकेतस्थळाच्या बाजूला बसते. शब्द एक, जागा दोन.

फ्लॅशची फाइल तयार झाली की ती बंद पेटी होई. मूळ आराखडा जवळ नसेल तर आतले एक अक्षर बदलणे अवघड. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का नको ते सांगितले. बॅटरी, सुरक्षा आणि एकाच कंपनीची मालकी ही त्यातली मुख्य कारणे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि वीस-पंचवीस वर्षांची चित्रे अंधारात गेली. काही जुनी चित्रे रफल नावाच्या मुक्त साधनामुळे पुन्हा दिसतात. बाकीच्यांचे काय झाले ते त्यांच्या कर्त्यांनाच ठाऊक.

फ्लॅशच्या जागी जे आले ते उघडे होते. हकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली होती, ती पानाच्या रंगरूपासाठी. पुढे तिच्यातच हालचाल आली. आपण फक्त महत्त्वाच्या अवस्था सांगायच्या, त्यांना कीफ्रेम म्हणतात. सुरुवातीला अक्षर फिके, शेवटी ठळक, मध्ये अर्धा सेकंद. मधली चित्रे ब्राउझर स्वतः भरतो. फाळक्यांनी काडी हाताने सरकवली, इथे सरकवणारा हात ब्राउझरचा.

तंत्राची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण ती आपल्या भागात कामाची आहे. पडदा बहुधा सेकंदाला साठ वेळा रंगतो, म्हणजे एका चित्राला जेमतेम सतरा मिलिसेकंद मिळतात. वस्तूची रुंदी किंवा जागा बदलत नेली तर ब्राउझरला दर वेळी पानाची सगळी मांडणी पुन्हा मोजावी लागते. ट्रान्स्फॉर्म आणि ओपॅसिटी, म्हणजे सरकवणे-फिरवणे आणि फिके-ठळक करणे, एवढ्यावर भागवले तर ही मोजणी टळते. स्वस्त फोनवर पान अडखळते की नाही, ते यावर ठरते.

आता दुसरे टोक, प्लगिन. वर्डप्रेस २००३ मध्ये आले आणि २००४ च्या १.२ आवृत्तीत त्यात प्लगिनची सोय झाली. तिचे मर्म ‘हुक’ या शब्दात आहे. आम्ही त्याला खुंटी म्हणतो. मूळ प्रणालीने ठिकठिकाणी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत: पान तयार होण्याआधी एक, मजकूर दाखवण्यापूर्वी एक, अर्ज पाठवल्यावर एक. तुम्ही आपले काम त्या खुंटीला टांगायचे. भिंत फोडायची नाही. दुसऱ्याच्या प्लगिनच्या फाइलमध्येच खाडाखोड केली, तर पुढचे अपडेट येताच तुमचे सगळे काम पुसले जाते. म्हणून बदल आपल्या छोट्या वेगळ्या प्लगिनमध्ये किंवा चाइल्ड थीममध्ये ठेवायचा.

मराठी माणसाला ही शिस्त नवी वाटायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी मध्ये घुसडलेले पाठ दूर केले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये असे बजावले. याचा अर्थ नवे लिहू नये असा आहे का? मुळीच नाही. नाथांनी स्वतः भागवतावर विपुल लिहिले, पण ते वेगळ्या ग्रंथात आणि स्वतःच्या नावाने. मूळ जपा, भर वेगळी घाला, कोणाचे काय ते स्पष्ट राहू द्या. प्लगिन बदलण्याचा नियम याहून निराळा नाही.

मराठी वेबवर आली तीही अशाच भरीतून. सुरुवातीला प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पानावर नुसत्या चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण सामान्य वाचकाला लिहायचे कसे हे कळत नव्हते. तेव्हा ‘गमभन’सारखी टंकनसुविधा आली. अर्जाच्या किंवा लेखनाच्या चौकटीतच रोमन कळा दाबल्या की देवनागरी उमटे. ती निरनिराळ्या प्रणालींना जोडता येत होती, म्हणून मराठी संकेतस्थळांवर पसरली. त्या प्रणाली मुळात मराठीसाठी लिहिलेल्या नव्हत्या, पण उघड्या होत्या. बंद पेट्या असत्या तर मराठी दाराबाहेर ताटकळली असती.

मग प्रश्न येतो, मराठीच्याही दाराबाहेर कोण उभे आहे? नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. भिली, पावरी, मावची, अहिराणी या इथल्या घरातल्या भाषा. आणि याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डे दिली गेली. फ्लॅशविरोधी पत्राचेच हे वर्ष. तेव्हापासून शिष्यवृत्ती असो, दाखला असो, कागदाची जागा हळूहळू पडद्याने घेतली, आणि तो पडदा बहुतेकांच्या हातात फोनचा.

समजा, धडगावकडची एक मुलगी रेंज मिळेल अशा ठिकाणी चालत येऊन अर्ज भरते आहे. बटण दाबले, चक्र फिरू लागले. एक मिनिट, तीन मिनिटे. आता हे चक्र काय सांगते आहे? काही नाही. अर्ज पोचला असेल तरी ते फिरते, संपर्क तुटला असेल तरी फिरते. ते जीआयएफ किंवा कीफ्रेम आहे, कामाशी त्याचा धागाच जोडलेला नाही. हेच आमचे अलातचक्र. पान बंद केले तर अर्ज बुडेल का? पुन्हा दाबले तर दोनदा जाईल का? शेवटची तारीख आज असेल तर त्या मुलीच्या वर्षाचा प्रश्न आहे, आणि पडद्यावरचे चित्र तिला खोटा धीर देत बसले आहे.

१९८५ मध्येच ब्रॅड मायर्स यांनी, काम किती टक्के झाले हे दाखवणाऱ्या पट्टीचे महत्त्व शोधनिबंधात मांडले होते. लोक वाट बघायला तयार असतात, कशाची आणि किती ते कळले पाहिजे.

इथे तुमचे शिकणे कामाला येते. उदाहरण म्हणून ‘कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हन’ हे प्लगिन घ्या. ते अर्ज पाठवताना वेगवेगळ्या घटनांची वर्दी देते: माहिती अपुरी आहे, मेल गेला, मेल जाऊ शकला नाही. तुमच्या चार-सहा ओळींच्या जावास्क्रिप्टने ती वर्दी ऐकायची आणि तेव्हाच चित्र बदलायचे. ‘पाठवत आहोत’ असताना पट्टी हलेल, वर्दी आली की थांबेल, आणि अपयश आले तर स्पष्ट अक्षरांत सांगेल. काही ठरावीक सेकंदांत वर्दीच आली नाही, तर तेही सांगेल. शब्दही जपून निवडा. ‘मेल गेला’ म्हणजे ‘कोणी वाचला’ असे नाही. जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहा. आमच्या विषयात याला ज्ञानाची मर्यादा पाळणे म्हणतात.

ते शब्द कोणत्या भाषेत असावेत, हेही तुमच्या हातात आहे. बहुतेक चांगल्या प्लगिनांचा मजकूर कोडपासून वेगळा काढून भाषांतराच्या फाइलमध्ये ठेवता येतो. कोडला न शिवता ‘थांबा, अर्ज जातो आहे’ हे मराठीत येईल, आणि पावरी बोलणारी मुलगी बसली तर पावरीतही येईल. ती ओळ पावरीत कशी म्हणायची ते तिला विचारा, आम्हाला नको.

आणखी एक सौजन्य. २०१३ मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीतल्या सरकत्या चित्रांनी अनेकांना भोवळ आली. पुढे ‘हालचाल कमी हवी’ ही वाचकाने फोनमध्ये नोंदवलेली पसंती वेबपेजला कळण्याची सोय सीएसएसमध्ये झाली. ती दोन ओळींत पाळता येते. ज्याला गती सोसत नाही त्याला स्थिर अक्षरे द्या. अर्थ गतीत कोंडून ठेवू नका.

मौज करू नका असे आम्ही म्हणत नाही. फाळक्यांच्या काड्या नाचल्याच की! शाळेच्या पानावर फुलपाखरू उडवा, दिवाळीला पणती लुकलुकू द्या, फक्त ते सेकंदाला तीनच्या आत ठेवा. मात्र जिथे कोणी उत्तराची वाट बघत आहे, तिथली हालचाल वाटाण्याच्या रोपासारखी असू द्या: आत काही वाढले असेल, तरच वर दिसावे. आणि साधन निवडताना आधी विचारा, याला खुंटी आहे का, उद्या आम्हाला हे बदलता येईल का? उत्तर नाही असेल, तर ते कितीही सुंदर हलत असले तरी बाजूला ठेवा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.